सुईला उगाच छळलं

ब्रेक दाबला की इंजिन बंद. सुरुवातीला दहा फेऱ्यांत एकदा, मग पाचांत एकदा, आणि शेवटी अशी वेळ आली की वळणाच्या तोंडाशी गाडीचा वेग कमी करायचीच मला धास्ती वाटायला लागली. 1/8 स्केलची, म्हणजे खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याएवढी, रिमोटवर पळणारी नायट्रो बग्गी, नायट्रोमिश्रित इंधनावर चालणारं 3.5 सीसीचं इंजिन, आणि ट्रॅकच्या नेमक्या लांबच्या टोकाला जाऊन बंद पडायची तिची खोड. प्रत्येक वेळी धावत जायचं, गाडी उचलायची, परत येऊन स्टार्टर बॉक्सवर, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या पेटीवर, ठेवायची. त्या महिन्यात माझा व्यायाम उत्तम झाला, गाडी मात्र चालली नाही.

नायट्रो गाडीत काही बिघडलं की हात आधी कार्बोरेटरच्या सुईकडे, म्हणजे इंधन किती जावं हे ठरवणाऱ्या स्क्रूकडे, जातो. माझाही गेला. लो-स्पीड सुई (कमी वेगातल्या इंधनाची) थोडी उघडली, इंधन वाढलं, इंजिन जड झालं. थोडी बंद केली, आयडल, म्हणजे थ्रॉटल सोडल्यावरचा इंजिनचा वेग, वर चढला. मग मी सगळ्यात वाईट गोष्ट केली: इंजिन बंद पडतंय ना, मग आयडलच वाढवू. त्या दिवशी ते शहाणपणाचं वाटलं होतं. गाडी बंद पडायची थोडी कमी झाली, पण आता ती उभी राहीना. थ्रॉटल सोडलं तरी बैलगाडीसारखी पुढे पुढे सरकायची. तिला थोपवायला ब्रेक धरायचा, ब्रेक धरला की चाकं अडायची, चाकांबरोबर इंजिन अडायचं आणि पुन्हा बंद. म्हणजे मी गोल फिरून जिथून निघालो तिथेच आलो होतो, फक्त मधल्या काळात इंधन पेटवणारे दोन ग्लो प्लग जाळले होते.

शंका आली ती एका फालतू कारणाने. गाडी टेबलावर उलटी ठेवून पुसत होतो. इंजिनचे चार स्क्रू सैल करून ते जरा मागे सरकवलं, त्यामुळे क्लच बेलचे, म्हणजे क्लचवरच्या टोपीचे, दात चाकांकडे जोर नेणाऱ्या मोठ्या स्पर गिअरपासून सुटले. फडकं फिरवताना बोटाने बेल फिरली आणि ‘खर्र, खर्र’ असा बारीक आवाज आला. इंजिन बंद असताना बेल मोकळी फिरायला हवी. आत कशालाच घासता कामा नये. माझी दर फेऱ्यात एका जागी अडखळत होती. तीन आठवडे मी सुईला दोष देत होतो, आणि सुई बिचारी निर्दोष.

बेलचा स्क्रू काढून बेल बाहेर ओढली तर आत सगळी कहाणी लिहिलेली होती. बेलला आतून धरणाऱ्या तीन तुकड्यांपैकी, म्हणजे शूंपैकी, एकाच्या स्प्रिंगचा पाय तुटला होता. तो शू कायमचा बाहेर लटकत होता आणि इंजिन सुरू झाल्यापासून बेलला घासत होता. बेलच्या आतला पृष्ठभाग निळसर-तपकिरी झालेला, लोखंड फार तापलं की येतो तसा रंग. तीनही शूंची तोंडं काचेसारखी चकचकीत. तुटलेला तुकडा फ्लायव्हीलच्या कोपऱ्यात काळ्या चिखलात रुतून बसलेला सापडला. तो गिअरमध्ये गेला नाही हे नशीब.

ज्यांनी हा क्लच उघडून पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. बिनगिअरच्या स्कूटरच्या मागच्या चाकाजवळ जो क्लच असतो, तोच हा, फक्त काड्यापेटीत मावेल एवढा. इंजिन फिरवतं त्या क्रँकशाफ्टवर जड चकतीसारखं फ्लायव्हील, फ्लायव्हीलवर तीन खुंट्या, प्रत्येक खुंटीवर एक शू, आणि शूला आत ओढून धरणारी स्प्रिंग. या सगळ्यावर टोपीसारखी बेल. बेलच्या पुढच्या टोकाला 13 दातांचं पिनियन, म्हणजे छोटं गिअर. इंजिन सावकाश फिरतं तेव्हा स्प्रिंग जिंकते, शू आत राहतात, बेल स्थिर, गाडी उभी. फेरे वाढले की शू बाहेर फेकले जातात, बेलला चिकटतात आणि तिला बरोबर घेऊन फिरतात. यातली मेख अशी की बाहेर फेकणारा जोर फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. फेरे दुप्पट, तर जोर चौपट. म्हणून हा क्लच बराच वेळ काहीच करत नाही आणि मग एकदम धरतो. नेमका कधी धरायचा, हे दोनच गोष्टी ठरवतात: शूचं वजन आणि स्प्रिंगची ताकद. हलका शू किंवा कडक स्प्रिंग असेल तर क्लच उशिरा धरणार. जड शू किंवा नरम स्प्रिंग असेल तर लवकर.

आणि स्प्रिंग तापली की नरम पडते. माझ्याकडे काय झालं असणार हे यावरून कळलं. आधी आयडल जरा जास्त, त्यामुळे शू किंचित घासत. घासल्यामुळे उष्णता. उष्णतेने स्प्रिंगा ढिल्या, म्हणजे शू आणखी घासणार. शेवटी एकीने मान टाकली.

नवीन शू, स्प्रिंगा, बेल आणि दोन बेअरिंग असा सगळा संच आणला. जुनी बेल वाचवता आली असती का? आतला भाग बारीक पॉलिश पेपरने आडवातिडवा घासून घेतला की चकाकी जाते आणि पुन्हा पकड येते, हे मी नंतर बऱ्याचदा केलं आहे. पण या बेलच्या आत नखाला लागेल अशी पायरी पडली होती. अशा बेलमध्ये नवे शू घालणं म्हणजे झिजलेल्या चपलेला नवा अंगठा शिवणं.

फ्लायव्हीलही उतरवलं, खरं तर त्याची गरज नव्हती, पण खाली किती घाण साठली आहे हे बघायचं होतं. इथे एक सूचना. मधला क्लच नट सोडवताना क्रँक फिरू नये म्हणून काही जण एक्झॉस्टच्या भोकातून काहीतरी घालून पिस्टन अडवतात. एवढ्या नाजूक पिस्टनवर पान्याचा सगळा जोर घेणं मला पटत नाही. फ्लायव्हील धरायचा खास पाना मिळतो, त्याने फ्लायव्हीलच धरावं. परत बसवताना फ्लायव्हीलच्या आतली शंकूसारखी निमुळती पितळी कडी (कोन) आणि क्रँकशाफ्ट स्पिरिटने पुसून अगदी कोरडं केलं. फ्लायव्हील तिथे निव्वळ घर्षणावर धरलेलं असतं. तेलाचा एक थेंब राहिला तरी ते फिरतं, आणि मग स्टार्टर बॉक्सवर गाडी दाबली की फ्लायव्हील गरगर फिरतं आणि इंजिन मात्र ढिम्म.

आता स्प्रिंगा. या भागाबद्दल मला कोणी आधी सांगितलं असतं तर मी तो छोट्या टबमध्ये बसून केला असता. एक शू खुंटीवर, त्याची स्प्रिंग, स्प्रिंगचा लांब पाय क्लच नटच्या खाचेत. ऐकायला सोपं. पहिली बसते, दुसरी बसते, तिसरी बसवायला घेतली की पहिली सुटते. दुसऱ्या प्रयत्नात एक स्प्रिंग ‘टिंग’ करून गेली ती गेली. खोलीत अर्धा तास रांगलो. तिसऱ्या प्रयत्नात बोटाच्या टोकाला तिने असा चावा घेतला की पुढचं काम पट्टी बांधून केलं. शेवटी जे जमलं ते असं: तीनही शूंमध्ये स्प्रिंगा आधीच बसवून घ्यायच्या, तिन्ही शू खुंट्यांवर फक्त अर्धे सरकवायचे, मग बारीक स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने तिन्ही पाय एकेक करून नटच्या खाचेत ढकलायचे, आणि सगळे पाय आत गेल्यावरच तिन्ही शू एकदम खाली दाबायचे. सगळं काम एखाद्या पातळ पारदर्शक पिशवीत हात घालून केलं तर उडालेली स्प्रिंग पिशवीतच राहते. ही युक्ती मला सुचली ती अर्थातच स्प्रिंग हरवल्यावर.

शू कुठल्या तोंडाने बसवायचा हाही प्रश्न असतो, आणि तिथे मी एकदा चांगला फसलो. शू एका टोकाला खुंटीवर अडकलेला असतो, दुसरं टोक मोकळं. इंजिन ज्या दिशेने फिरतं त्या दिशेला मोकळं टोक पुढे असेल तर बेलचं घर्षण शूला आणखी बाहेर ओढतं. एकदा टेकला की तो स्वतःहून घट्ट होत जातो. पकड झडप घातल्यासारखी. मोकळं टोक मागे असेल तर तेच घर्षण शूला थोडं आत ढकलतं, म्हणजे पकड हळूहळू येते आणि क्लच जरा जास्त घसरतो. सगळ्याच शूंना दोन्ही तोंडांनी बसायची सोय नसते, माझ्याकडच्यांना होती. एका रात्री घाईत दोन शू एका तोंडाने आणि एक उलटा बसवला. दुसऱ्या दिवशी गाडी सुटताना उचकी लागल्यासारखी दोनदा झटका द्यायची, मग पळायची. मला वाटलं टाकीत हवा येतेय. पुन्हा सुई! सवय सुटत नाही हो.

पण माझा सगळ्यात मोठा घोटाळा शिमचा, म्हणजे पातळ चकत्यांचा. बेल दोन बेअरिंगवर क्रँकशाफ्टभोवती फिरते. तिच्या मागे, शूंच्या बाजूला, 5 मिमी आतल्या आणि 7 मिमी बाहेरच्या व्यासाच्या पातळ चकत्या असतात. पुढे, स्क्रूच्या बाजूला, तशाच आणखी. मागच्या चकत्यांनी ठरतं की बेल शूंपासून आणि फ्लायव्हीलपासून किती दूर राहील. पुढच्या चकत्यांनी ठरतं की बेलला पुढे-मागे किती प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, मिळेल. प्ले साधारण 0.1 ते 0.2 मिमी हवा. चकत्याही 0.1 आणि 0.2 मिमीच्याच. म्हणजे एक चकती इकडची तिकडे झाली की सगळं गणित बदललं.

मी बेल बसवली, स्क्रू घट्ट केला, बेल दोन बोटांत धरून पुढे-मागे ओढली. प्ले जाणवला. वाटलं, छान जमलं. पुढच्या रविवारी गाडी अप्रतिम सुटली. पहिली टाकी संपली, दुसरी अर्धी संपली, आणि सरळ पट्ट्यावरून परत येताना थ्रॉटल सोडलं तरी गाडी थांबेना. ब्रेक लावला, इंजिन गुरगुरलं आणि बंद. ओळखीचं वाटलं ना? मलाही. या वेळी मात्र सुईकडे हात गेला नाही. बेल काढली तर आतल्या बाजूच्या बेअरिंगच्या गोळ्या चुऱ्यासारख्या बाहेर पडल्या, आणि बेअरिंगच्या कड्या क्रँकशाफ्टला चिकटून बसल्या होत्या. बेल थेट शाफ्टलाच बांधली गेली होती. क्लच असून नसल्यासारखा.

कारण काय? मी जो प्ले बोटांनी जोखला तो बेलचा नव्हताच. तो क्रँकशाफ्टचा होता. क्रँकशाफ्ट स्वतः इंजिनमध्ये थोडा पुढे-मागे सरकतो, तसा तो सरकायलाच हवा. बेल ओढली की ती आणि शाफ्ट दोघं मिळून सरकत होते, आणि बेलला स्वतःचा प्ले शून्य होता. स्क्रूने बेअरिंग दोन्ही बाजूंनी चिमट्यात धरल्यासारखं आवळलं गेलं होतं. योग्य रीत अशी: एका हाताने फ्लायव्हील पुढच्या बाजूला ओढून धरायचं, म्हणजे शाफ्टची सरक संपली; मग दुसऱ्या हाताने फक्त बेल हलवायची. जे हलतं ते बेलचं. हे कळायला मला एक बेअरिंग, एक बेल आणि एक रविवार लागला.

बेअरिंगबद्दल आणखी एक गोष्ट बरेच दिवस माझ्या डोक्यात बसत नव्हती. हे बेअरिंग काम कधी करतं? गाडी भरधाव असते तेव्हा बेल आणि शाफ्ट एकत्र फिरतात, म्हणजे बेअरिंगची आतली कडी आणि बाहेरची कडी एकाच वेगाने. गोळ्या जवळजवळ स्वस्थ. बेअरिंग राबतं ते गाडी उभी असताना: बेल स्थिर, शाफ्ट आत फिरतोय, आणि वर घासणाऱ्या शूंची उष्णता. त्यातलं ग्रीस वितळून बाहेर येतं आणि ते कोरडं पडतं. म्हणून पिटमध्ये इंजिन उगाच रेस करत गप्पा मारणाऱ्यांचे क्लच बेअरिंग लवकर जातात. मी आता ट्रॅकवरच्या प्रत्येक दिवसानंतर बेल काढतो, बेअरिंग बोटावर फिरवतो, थोडी जरी घरघर आली तरी बदलतो. एवढीशी वस्तू, पण ती गेली तर बेल डगमगते आणि स्पर गिअरचे दात खाऊन टाकते.

दात म्हटल्यावर मेश, म्हणजे दातांची एकमेकांत बसणी. बेलचे दात आणि स्पर गिअरचे दात यांच्यात कागदाची पट्टी घालून इंजिन दाबून बसवायचं, स्क्रू घट्ट करायचे, कागद काढायचा. वहीच्या पानाइतकी फट राहते. त्यापेक्षा घट्ट बसलं तर बेल बाजूला ढकलली जाते आणि पुन्हा बेअरिंगचाच बळी. स्पर गिअर पूर्ण गोल नसतो, त्यामुळे तो चार-पाच जागी फिरवून सगळ्यात घट्ट जागा शोधून तिथे ही फट ठेवायची. यावर जास्त लिहीत नाही, हे सगळ्यांना येतं.

तर क्लच आता नीट बसला होता. घासत नव्हता, अडकत नव्हता. इथून पुढे सुरू झालं ते खरं सेटिंग, आणि त्यात मला मजा आली.

स्प्रिंगा तारेच्या जाडीवरून ओळखतात: 0.9, 1.0 आणि 1.1 मिमी. कागदावर फरक केसाएवढा, ट्रॅकवर तीन वेगळ्या गाड्या. मी ठरवलं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, सुयांना अजिबात हात लावायचा नाही, आणि प्रत्येक वेळी उभ्या गाडीपासून पूर्ण थ्रॉटलपर्यंतचा आवाज फोनवर रेकॉर्ड करायचा. आवाजाची कल्पना अशीच सुचली. डोळ्यांना गाडी सुटलेली दिसते, पण क्लच कधी धरला हे कानालाच कळतं. घरी आल्यावर हेडफोन लावून एकापाठोपाठ एक ऐकलं, आणि मैदानावर जे ‘बरं वाटलं’ होतं त्यातलं अर्धं खोटं निघालं.

0.9 ला आवाज असा: ‘बूऽऽ’ करून इंजिन दबतं, दोन-तीन क्षण घुसमटतं, मग चढायला लागतं. शू फार लवकर चिकटतात, इंजिन अजून ताकदीच्या टप्प्यात आलेलं नसतं आणि त्याच्यावर सगळ्या गाडीचं ओझं पडतं. नेमका हाच आवाज लो-स्पीड सुई जास्त उघडी असताना येतो. याआधी कितीदा मी क्लचचा दोष सुईवर ढकलला असेल कोण जाणे. या दोघांतला फरक ओळखायची माझी खूण धुराची: इंधन जास्त होत असेल तर दबताना निळसर धुराचा लोट येतो, क्लच लवकर धरत असेल तर धूर नेहमीचाच. आणि आयडलवर इंधनाची नळी चिमटीत दाबली की फेरे दोन-तीन सेकंदांत किंचित वर जाऊन इंजिन बंद पडत असेल, तर सुई बरोबर आहे, तिला सोडा.

1.1 ला उलट. ‘वीऽऽ’ असा उंच स्वर, गाडी अजून जागेवरच, आणि मग एकदम धाडकन झेप. टणक मातीवर ही झेप अंगावर काटा आणते. पण आमच्या ट्रॅकवर वर भुसभुशीत धूळ होती, तिथे मागची चाकं जागेवरच नुसती फिरायची आणि गाडी तिरकी व्हायची. शिवाय लहान वळणांच्या भागात, जिथे थ्रॉटल अर्धंच लागतं, क्लच सारखा धरायच्या उंबरठ्यावर असायचा, घसरत राहायचा आणि तापायचा. पाच मिनिटं चालवून बेलवर पाण्याचा थेंब टाकला तर तो टेकला न टेकला तोच चर्र करून उडाला.

1.0 मिमी माझ्या हाताला बसली. आवाजात एक छोटा चढ, लगेच पकड, आणि पिकअप सरळ. इथे ॲल्युमिनियमचे शू होते. मग कॉम्पोझिट शू घालून पाहिले; ते मऊ धरतात, बेलही कमी खातात, पण झिजतात भराभर आणि त्यांची काळी पूड सगळ्या डब्यात. काही जण दोन ॲल्युमिनियमचे आणि एक कॉम्पोझिट असं मिश्रण लावतात. मीही लावलं. चाललं ठीक, पण तीन शू वेगवेगळ्या वेगाने झिजणार असतील तर महिन्याभराने नेमकं काय बदललंय हे मला कळणार नाही, या एका कारणासाठी मी ते सोडून दिलं. ज्याला दर आठवड्याला क्लच उघडायची हौस आहे त्याने जरूर करावं.

शूंना भोकं पाडून वजन कमी करण्याचा उद्योगही एकदा झाला. हातातल्या ड्रिलने तिन्ही शूंना सारखी भोकं पाडणं मला जमलं नाही, क्लच थरथरायला लागला, तो संच फेकला.

क्लच जागेवर आल्यावर इंजिनच्या तापमानाचं एक कोडं सुटलं. आधी ग्लो प्लगजवळ मोजलं की 130 अंशांच्या आसपास यायचं. मी घाबरून हाय-स्पीड सुई (भरधाव वेगातल्या इंधनाची) उघडायचो, गाडी सुस्त व्हायची, तापमान तरी खाली येत नसे. आता त्याच ट्रॅकवर 110 च्या आगेमागे. सुई उलट किंचित बंदच करावी लागली. सतत घासणाऱ्या क्लचला ओढत इंजिन आयडललासुद्धा राबत होतं आणि क्लचची उष्णता क्रँकशाफ्टमधून इंजिनच्या नाकात शिरत होती. रेडिएटर नसलेल्या यंत्राला आणखी काय सोसवणार?

नव्या शूंची पहिली टाकी मात्र सबुरीने चालवली. अर्ध्या थ्रॉटलने सुटायचं, थांबायचं, थोडं थंड होऊ द्यायचं, पुन्हा. ती संपल्यावर बेल काढून शूंच्या तोंडावरचा चमकलेला भाग पाहिला: एकाचं दोन तृतीयांश तोंड टेकत होतं, बाकी दोघांचं जेमतेम अर्धं. आणखी एका टाकीनंतर तिघं सारखे झाले. पहिल्याच दिवशी स्प्रिंग बदलायची घाई केली असती तर अर्ध्या टेकलेल्या शूंवरून निकाल लावला असता. आणि हो, बेल काढलेली असताना इंजिन ‘जरा सुरू करून बघू’ असा मोह कुणाला झालाच तर आवरा. शूंना अडवणारी भिंतच नसते तिथे.

याच सुमारास माझ्या मित्राने ऑन-रोड, म्हणजे सपाट रस्त्यावर पळवायची, गाडी आणली आणि क्लचसाठी मला बोलावलं. ‘तू आता एक्स्पर्ट ना रे,’ म्हणाला. गाडी उघडली तर आत तीन शू नव्हतेच! एकच अखंड कडीसारखा शू, तो शाफ्टच्या रेषेत पुढे सरकून निमुळत्या बेलमध्ये जाऊन बसतो. फ्लायव्हीलवरची छोटी वजनं बाहेर फेकली गेली की शूला पुढे ढकलतात, आणि मधली एकच स्प्रिंग त्याला मागे रेटते. सेंटॅक्स म्हणतात याला. इथे स्प्रिंग बदलायची गरज नाही. तिच्यावरचा नट अर्धा फेरा आवळला की क्लच उशिरा धरतो, सैल केला की लवकर. ऐकून मला हेवाच वाटला. पण मोजमापं माझ्या बग्गीपेक्षा बरीच कडक. शू आणि बेलमधली फट 0.7 मिमीच्या आसपास, बेलचा प्ले 0.1 किंवा त्याहूनही कमी, आणि ढकलण्याचा सगळा जोर पेलायला एक थ्रस्ट बेअरिंग. त्या बेअरिंगच्या दोन चकत्या दिसायला जुळ्या, पण एकीचं भोक दुसरीपेक्षा अगदी किंचित मोठं. त्याने त्या उलट लावल्या होत्या. व्हर्निअर लावल्याशिवाय कळलंच नसतं.

‘शाफ्टचा प्ले धरला का यात?’ मी विचारलं.

‘शाफ्टला प्ले असतो?’

मी काही बोललो नाही. फ्लायव्हील ओढून धरायला सांगितलं आणि बेल हलवून दाखवली. त्याचा चेहरा माझ्या त्या रविवारच्या चेहऱ्यासारखाच झाला. दोघांनी मिळून त्या छोट्या चकत्या तीन वेळा काढल्या-घातल्या. चौथ्या वेळी बेल नुसत्या फुंकरीने फिरली आणि ओढल्यावर जेमतेम हलल्यासारखी वाटली. त्याच्या क्लचला नंतर पुन्हा दोनदा उघडावं लागलं, एकदा इंजिनच्या पुढच्या बेअरिंगमधून तेल झिरपून शू ओला झाला म्हणून. तेल लागलेला शू घसरतो आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं. त्याला आम्ही दोघांनीही आधी सुईचाच दोष समजलो होतो.

माझ्या बग्गीत सध्या 1.0 च्या स्प्रिंगा, ॲल्युमिनियमचे शू मोकळं टोक मागे ठेवून, आणि 13 दातांची बेल आहे. लांब पट्टा असलेल्या एका ट्रॅकवर जायचं ठरलंय म्हणून 14 दातांची बेल आणून ठेवली आहे. एक दात वाढला की वरचा वेग वाढणार, पण सुटताना क्लचवरचं ओझंही वाढणार, तेव्हा कदाचित स्प्रिंग पुन्हा बघावी लागेल. काल रात्री ती बेल नुसती घालून पाहिली. आतून जुनीपेक्षा थोडी उथळ आहे, शूंच्या डोक्याला टेकते. मागे एक 0.2 ची चकती वाढवावी लागणार, मग पुढची एक काढावी लागणार. डब्यात 0.2 ची एकच उरली होती, ती चिमट्यातून निसटून टेबलाखाली गेली. टॉर्च आणायला उठलो होतो, म्हटलं तोवर हे लिहून काढू.